टप गळतोय? आधी पाण्याची वाट शोधा

मृगाच्या पहिल्या सरी कोसळल्या की या सदरात एका विषयाची पत्रं हमखास येतात : टप काढता येणाऱ्या जुन्या गाड्या आणि त्यांची गळती. सातपुड्याच्या पायथ्यापासून पांझरा-गिरणेच्या काठापर्यंत जिप्सी, जुन्या जीप आणि २०२० पूर्वीच्या थार अजून रोजच्या कामात आहेत. मे महिन्यात पारा ४५ अंशांपुढे जातो, रबर सुकून कडक होतं, आणि जूनमध्ये त्याच रबराकडून पाणी अडवण्याची अपेक्षा असते. या वेळी सगळी उत्तरं याच विषयावर.

प्रश्न (चोपडा) : माझी जिप्सी १९९० च्या दशकातली आहे, टप फायबरचा. हिवाळ्यात काढून ठेवतो, जूनमध्ये पुन्हा बसवतो. उभ्या गाडीत थेंब येत नाही, पण पावसात जळगावच्या रस्त्याला लागून वेग पन्नासच्या वर गेला की ड्रायव्हरच्या गुडघ्यावर पाणी पडतं. रबर दोनदा बदललं, दुसऱ्या वेळी मुद्दाम जाड घेतलं. गळती उलट वाढली. असं का?

उत्तर : जाड रबरामुळेच. टप आणि काचेची चौकट यांच्यातली फट सगळीकडे सारखी नसते. समजा मधोमध ती ८ मिमी आहे आणि कोपऱ्यात ५. १२ मिमीचं स्पंज रबर ८ मिमीच्या फटीत साधारण एक तृतीयांश दाबलं जातं, ते योग्य आहे. तेच रबर ५ मिमीच्या फटीत निम्म्याहून जास्त चेपावं लागतं. तेवढं ते चेपत नाही, म्हणून टप तिथे वर उचलला जातो आणि शेजारची चांगली बसलेली कड सैल पडते. तुम्ही एक फट बुजवली, दुसरी उघडली. स्पंज रबराचा दाब २५ ते ४० टक्क्यांच्या दरम्यान राहावा, एवढं धरून चाला.

वेगात गळण्याचं कारण वेगळं आहे. गाडी धावताना काचेवरचं पाणी वाऱ्यानं वर ढकललं जातं आणि थेट चौकटीच्या वरच्या कडेवर येतं. त्याच वेळी टपावरून जाणारी हवा टपाला वर ओढते. उभ्या गाडीत जेमतेम टेकलेलं रबर एखाद-दोन मिलिमीटरनं सुटायला एवढं पुरतं. म्हणून उभ्या गाडीवर बादल्या ओतून केलेल्या परीक्षेचा तुम्हाला काही उपयोग नाही.

आता फट मोजा. जुनं रबर पूर्ण काढा, बोल्टखालचं पॅकिंग मात्र आहे तिथेच राहू द्या. कणकेच्या सुपारीएवढ्या आठ-दहा गोळ्या करा, प्रत्येक गोळी प्लॅस्टिकच्या पातळ तुकड्यात गुंडाळा आणि चौकटीच्या कडेवर समान अंतरानं ठेवा. दोन्ही कोपऱ्यांत एकेक हवीच. टप ठेवून बोल्ट हातानं आवळा, परत काढा. चपट्या झालेल्या गोळ्यांची जाडी व्हर्निअरनं मोजा आणि आकडे चौकटीवरच खडूनं लिहा. ६, ८, ८, ९, ५ अशी रांग समोर आली की दोष कुठे आहे ते लगेच कळतं. फट एकाच बाजूला क्रमाक्रमानं कमी होत असेल तर त्या बाजूचं पॅकिंग गळालेलं किंवा चेपलेलं असतं. ते बदला, रबराला हात लावू नका. मधेच कुठे खड्डा असेल तर तेवढ्याच लांबीत रबराखाली २ मिमीची कडक रबर पट्टी चिकटवा. फट सारखी झाल्यावरच नव्या रबराची जाडी ठरवा : ८ मिमी फटीला १२ मिमी, ६ मिमीला ९.

रबर घेताना बंद छिद्रांचं ईपीडीएम (ऊन-पाण्याला टिकणारं कृत्रिम रबर) स्पंज मागा. दुकानात खात्री करायची तर बोटभर तुकडा पाण्यात दाबून सोडा आणि पिळा. पाणी निघालं तर तो सोफ्याच्या फोमचा भाऊ आहे, पाणी अडवण्याऐवजी पिऊन ठेवणारा. चिकटवायची जागा आधी पॉलिश पेपरनं आणि मग आयसोप्रोपिल अल्कोहोलनं साफ करा. रॉकेल किंवा डिझेल वापरलं तर मागे तेलकट थर राहतो आणि गोंद धरत नाही. कॉन्टॅक्ट गोंद दोन्ही बाजूंना पातळ लावा, १० ते १५ मिनिटं थांबा, बोटाला चिकटेल पण ओढल्यावर तार येणार नाही अशा वेळी बसवा.

इथेच सगळ्यात जास्त लोक चुकतात : रबर ताणून बसवतात. ताणलेलं रबर दोन उन्हांत आखडतं आणि जोडाजवळ फट पडते. लागणाऱ्या लांबीपेक्षा मीटरमागे एक-दोन सेंटीमीटर जास्त कापा आणि बसवताना मागे ढकलत ढकलत चला. जोड कोपऱ्यात किंवा चौकटीच्या वरच्या कडेवर कधीच देऊ नका. मागच्या खालच्या बाजूला द्या. तोंडाला तोंड लावून फेविक्विकचे दोन थेंब पुरतात.

बोल्ट मधून सुरू करून बाहेरच्या बाजूला, तीन फेऱ्यांत आवळा. एका कोपऱ्याचा बोल्ट पहिल्याच फेरीत पक्का केला की समोरचा कोपरा उचलला गेलाच म्हणून समजा.

शेवटी परीक्षा. रबराच्या माथ्यावर शाळेतला पांढरा खडू घासा, टप आवळून परत काढा. टपाच्या कडेवर खडूची रेघ अखंड उमटली पाहिजे. जिथे रेघ तुटली किंवा दोऱ्याएवढी बारीक झाली, तिथून पाणी येणार. मग पुढचं एक चाक चार-पाच इंच उंच फळीवर चढवा आणि वहीच्या कागदाची पट्टी रबरात धरून गाडीभोवती ओढून पाहा. उघड्या बांधणीची गाडी खडबडीत रस्त्यावर पिळली जाते. सपाट जागी घट्ट वाटणारी पट्टी इथे सहज निसटली तर त्या बाजूचं पॅकिंग अजून अर्धा-एक मिलिमीटर कमी करावं लागेल.

प्रश्न (भुसावळ) : गॅरेजवाल्यानं टपाच्या सगळ्या कडेला सिलिकॉन भरलं. दोन महिने बरं होतं, आता पुन्हा गळतंय आणि टपही निघत नाही.

उत्तर : निघणाऱ्या टपाच्या कडेला सिलिकॉन भरणं हा उपाय नाही. ती कड हलती आहे. सिलिकॉन एका बाजूनं सुटतं आणि सुटलेल्या ओठामागे पाणी साचून राहतं. धाब्याच्या घराला जसं गळतं एकीकडे आणि छिद्र असतं भलतीकडे, तसं पाणी सिलिकॉनच्या आडून हातभर चालत जातं आणि तिसऱ्याच ठिकाणी थेंब टाकतं. शिवाय व्हिनेगरसारखा वास येणारं सिलिकॉन सुकताना ॲसिड सोडतं. उघड्या पत्र्याला त्यानं गंज चढतो.

काढताना स्क्रू-ड्रायव्हरनं टप उचकटू नका, फायबरची कड तुटेल. सगळे बोल्ट काढा. मासे धरायचा नायलॉनचा जाड दोरा घ्या, दोन्ही टोकांना लाकडाच्या मुठी बांधा आणि दोघांनी दोन बाजूंना उभं राहून करवतीसारखा ओढत सिलिकॉन कापत न्या. टप निघाल्यावर उरलेला थर प्लॅस्टिकच्या पट्टीनं खरवडा. शेवटचा कण निघाल्याशिवाय रंगाला हात लावू नका, कारण सिलिकॉनच्या थरावर रंग फाटून माशाच्या डोळ्यासारखे खड्डे पडतात.

सीलंट चालतं ते कायमच्या, न हलणाऱ्या जोडांना. तिथे पीयू (पॉलियुरेथेन) सीलंट वापरा. ते रंग घेतं आणि हवेतल्या ओलाव्यानं दिवसाला साधारण ३ मिमी खोलीपर्यंत पक्कं होतं. म्हणून लावल्यावर गाडी निदान एक दिवस हलवू नये. कॅरिअर, दिवे किंवा एरिअलसाठी टपाला पाडलेल्या छिद्रांवर ब्युटिल टेप (चिकट रबरी पट्टी) उत्तम. ती सहसा कडक होत नाही. आमच्याकडच्या उन्हात मऊ होऊन थोडी बाहेर येते, तेवढी ब्लेडनं कापून टाकायची.

प्रश्न (शहादा) : २०१४ ची थार. बाहेरून बसवून घेतलेला फायबर टप, पुढच्या सीटवरची दोन पॅनल वेगवेगळी निघतात. पाणी नेमकं दोन पॅनलच्या मधल्या जोडातून, आरशाच्या वर टपकतं. दोन्ही पॅनलचं रबर नवं आहे.

उत्तर : तीन कडा जिथे भेटतात ती जागा, म्हणजे दोन पॅनल आणि काचेची चौकट यांचा तिठा, रबरानं एकट्यानं कधीच बंद होत नाही. नीट बनवलेल्या टपात पाण्याला दोन अडथळे असतात : वर रबर, आणि त्याखाली पन्हळ. रबरातून थोडं पाणी आत येणार हे धरूनच पन्हळ दिलेली असते. ती पाणी बाजूच्या कडेला नेऊन बाहेर सोडते. तुमच्याकडे पाणी आरशावर पडतं याचा अर्थ पन्हळ तुंबली आहे, किंवा नाहीच.

पॅनल काढा आणि मधल्या पट्टीत पाहा. पन्हळ असेल तर तिच्या दोन्ही टोकांना काय अडकलंय ते आधी बघा. निंबाचा मोहोर, काळ्या मातीचा थर, आणि कापसाच्या दिवसांत उडणारा धागा. हे तिन्ही ओले होऊन सुकले की सिमेंटसारखे बसतात. आधीच्या कुणी टोकाला सीलंटचा गोळा दाबला असेल तर तोही काढा. बाहेरचं पाणी अडवायला लावलेला तो गोळा आतलं पाणी कोंडून ठेवतो. साफ केल्यावर पन्हळीत पेलाभर पाणी हळू ओता. ते थांबता कामा नये.

पन्हळ नसेल तर करून घेता येते. १५ ते २० मिमी रुंद अॲल्युमिनियमची यू पट्टी मधल्या जोडाखाली पीयूनं चिकटवा, मागून पुढे नव्हे तर ज्या टोकाला पाणी बाहेर पडायला जागा आहे तिकडे उतार देऊन. मीटरला एक सेंटीमीटर उतार पुरतो.

दुसरी गोष्ट, पॅनल बसवण्याचा क्रम. ज्या पॅनलची कड खाली जाते ते आधी, ज्याचा ओठ वरून झाकतो ते नंतर. उलट क्रमानं बसवलं तरी कड्या लागतात, दिसायलाही ठीक दिसतं, पण वरून झाकणारा ओठ खाली दुमडलेला राहतो. दोन्ही पॅनल जागेवर अलगद ठेवल्यावरच कड्या लावा, एक पूर्ण आवळून दुसरं ठेवू नका. कडीच्या आकड्याला आटे असतील तर अर्ध्या-अर्ध्या फेऱ्यानं आत घ्या. कडी अंगठ्याच्या जोरानं बंद झाली पाहिजे. तळहातानं ठोसावी लागली तर रबर गरजेपेक्षा जास्त चेपतंय आणि दोन पावसाळ्यांत ते चपटं होऊन बसेल.

प्रश्न (रावेर) : टपाच्या मागच्या बोल्टभोवती फायबरला केसासारख्या चिरा पडल्यात. वरून एम-सील लावलं, तरी ओल येते.

उत्तर : चिरेच्या वर काहीही लावलं तरी चीर खाली तशीच राहते. ती उकरून भरावी लागते, आणि आतल्या बाजूनं. एम-सील काढा. प्रत्येक चिरेच्या टोकाला ३ मिमीचं छोटं छिद्र पाडा, म्हणजे ती पुढे सरकत नाही. मग आतून ग्राइंडरनं चिरेवर इंग्रजी व्ही सारखी उथळ खाच करा आणि आजूबाजूचा हातभर नव्हे, चार बोटं भाग खरबरीत करा. तोंडावर मास्क आणि डोळ्यांवर चष्मा पाहिजे. काचेची धूळ फुफ्फुसाला वाईट.

चौरस मीटरला ४५० ग्रॅम वजनाच्या चॉप्ड मॅटचे (काचतंतूंच्या चटईचे) तीन तुकडे कापा : ६, १० आणि १४ सेंटीमीटरचे चौकोन. एवढ्याला ५० ग्रॅम पॉलिएस्टर रेझिन पुरून उरतं. रेझिन आधीच ॲक्सिलरेटर मिसळलेलं मागा आणि हार्डनर इंजेक्शनच्या सिरिंजनं मोजून अर्धा ते पाऊण मिली टाका. ॲक्सिलरेटर आणि हार्डनर वेगळे मिळाले तर ते एकमेकांत थेट कधीही मिसळू नका, भडका उडतो. दोन्ही वेगवेगळ्या वेळी रेझिनमध्येच मिसळायचे असतात. आणि हार्डनरचा थेंब डोळ्यात गेला तर दृष्टीला धोका आहे, तेव्हा लगेच भरपूर पाण्यानं धुऊन दवाखाना गाठायचा.

काम पहाटे सावलीत करा. दुपारच्या उष्म्यात रेझिन वाटीतच जमतं. लहान तुकडा आधी, मोठा शेवटी. ब्रशनं टोचत टोचत प्रत्येक थरातली हवा काढा. मॅटचा पांढरेपणा जाऊन ती पारदर्शक दिसली की रेझिन मुरलं. जिथे पांढरं राहिलं तिथे पोकळी आहे.

दुसऱ्या दिवशी बोल्टचं छिद्र बोल्टपेक्षा २ मिमी मोठं पाडा. मूळ चिरा पडल्या त्या बहुधा घट्ट छिद्रामुळे : उन्हात फायबर पसरतं आणि बोल्टला जागा सोडत नाही. आता ३० मिमी रुंद वायसर आणि त्याखाली रबर, पत्र्याच्या शेडच्या स्क्रूला असतं तसं. रबर वायसरच्या कडेनं किंचित फुगलेलं दिसलं की थांबा. त्यापुढचा अर्धा फेरा पुन्हा चीर देतो.

प्रश्न (धुळे) : जीपचा टप कॅनव्हासचा आहे. कापड चांगलं आहे, पण शिलाईच्या रेघेतून थेंब येतात.

उत्तर : सुईची छिद्रं दोऱ्यापेक्षा मोठी झाली आहेत. सुती कॅनव्हास असेल तर कोरडा टप उन्हात तापवून शिलाईवर आतून-बाहेरून मेण घासा आणि केस वाळवायच्या यंत्रानं हलकं वितळवून मुरवा. रेक्झिन असेल तर मेण धरत नाही. शिलाईसाठी मिळणारं पातळ सीम सीलर ब्रशनं दोन हातांत लावा. दोरा बोटानं ओढल्यावर तुटत असेल तर यापैकी काहीच करू नका, पॉलिएस्टर दोऱ्यानं त्याच छिद्रांतून पुन्हा शिवून घ्या. नवी छिद्रं म्हणजे नवी गळती.

प्रश्न (जळगाव) : जुन्या कारला सनरूफ आहे. रबर ठीक आहे तरी पाऊस झाल्यावर पुढची मॅट ओली होते.

उत्तर : सनरूफचं रबर पाणी पूर्ण अडवत नाही, ते चौकटीतल्या पन्हळीत उतरतं आणि कोपऱ्यातल्या नळ्यांतून खांबामधून खाली जातं. नळी तुंबली की पाणी छताच्या कापडावरून आत येतं. सनरूफ उघडून प्रत्येक कोपऱ्यात अर्धा पेला पाणी ओता आणि कुठल्या कोपऱ्याचं पाणी खाली पडत नाही ते पाहा. त्या नळीत ठिबकची बारीक मायक्रोट्यूब हळू सारत न्या, टोक आधी तिरकं न कापता गोल घासून. कंप्रेसरची हवा मारू नका : नळी खांबाच्या आत सांध्यावरून निसटते आणि मग छत उतरवल्याशिवाय सापडत नाही.

प्रश्न (अमळनेर) : गळती थांबली, पण गाडीत कुबट वास येतो.

उत्तर : वरून कोरडी लागणारी मॅट खाली भिजलेली असते. तिच्या पाठीचा फोम आठवडेच्या आठवडे पाणी धरून ठेवतो आणि पत्रा खालून सडतो. आधी बॅटरीची निगेटिव्ह वायर काढा. सीट उतरवा, मॅट पूर्ण बाहेर काढून फोमची बाजू वर करून दोन दिवस उन्हात टाका. फोम वेगळा होत असेल तर तो फेकून नवा घाला, वाचवण्यासारखा नसतो. फरशीच्या पत्र्यातली रबरी बुचं काढा, साचलेलं पाणी जाऊ द्या, बुचं परत बसवायला विसरू नका. डॅशबोर्डखालचे वायरिंगचे कनेक्टर उघडून हिरवट थर आलाय का बघा. आला असेल तर कॉन्टॅक्ट क्लीनरनं साफ करा. गंज दिसेल तिथे तारेच्या ब्रशनं चकचकीत पत्रा येईपर्यंत घासून इपॉक्सी प्रायमर, जोडांवर सीम सीलर आणि मग रंग. गंजावर थेट डांबरी रंग फासला तर गंज त्याखाली चालूच राहतो.

प्रश्न (पाचोरा) : रबर मऊ राहावं म्हणून खोबरेल तेल लावलं तर चालेल का? आणि काढलेला टप उन्हाळ्यात कुठे ठेवावा?

उत्तर : खोबरेल, साधं ग्रीस, इंजिन ऑईल, डिझेल यांतलं काहीही नको. ईपीडीएम रबर तेलानं फुगतं आणि पुन्हा मूळ आकाराला येत नाही. तेलावर धूळ बसते ती वेगळीच. साबणाच्या पाण्यानं पुसून, सुकवून, सिलिकॉन ग्रीस कापडावर घेऊन पातळ हात फिरवा. वर्षातून दोनदा, होळीनंतर एकदा आणि रोहिणी निघाल्यावर एकदा. गाडीचा रंग करायचा असेल तर आधी रंग, मग ग्रीस.

टप गच्चीवर किंवा अंगणात सपाट टाकला तर उन्हानं त्याची मधली बाजू खाली बसते, आणि जूनमध्ये त्याच्या कडा चौकटीशी जुळत नाहीत. सावलीत, गाडीवर तो जिथे टेकतो त्याच जागांखाली जुने टायर किंवा लाकडी ठोकळे देऊन ठेवा, आणि वर दुसरं सामान रचू नका. रबर टपालाच लावलेलं असेल तर टप त्या रबरावर टेकू देऊ नका. चार महिने एकाच जागी दाबलं गेलेलं रबर तिथे चपटंच राहतं.